धामणकुंडची रेंज

धामणकुंडचा आवाज सोमवारी सकाळी नऊ वाजता गेला, आणि तो हेमांगी तेरदाळेने घालवला.

हेमांगी मोबाइलच्या रेंजचे नकाशे करणाऱ्या कंपनीत होती. काम सरळ होतं. गाडीत सहा फोन बांधून हिंडायचं. रेंज मिळेल तिथे हिरवा रंग, नाही तिथे लाल. पण घाटातला खराब रस्ता आला की सगळेच ऑफिसात बसून अंदाजाने रंग भरत. हेमांगीने तर स्वतःच्या गावावरच डोळे झाकून लाल ओतला. "आमच्याकडे कसली डोंबलाची रेंज!" म्हणाली आणि चहाला गेली.

त्या घटकेपासून गावात कुणाचं बोलणं हातभरापलीकडे जाईना. कुत्र्यांचे नुसते जबडे हलायचे. चौथ्या दिवशी आईचं पोस्टकार्ड आलं: 'तुझ्या नकाशाने गळा धरलाय. येऊन सोडव.'

हेमांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रंग बदलायला जागेवर मोजलेला आकडाच लागतो. बाबासो ड्रायव्हरला घेऊन ती निघाली. मळा, देऊळ, पाणवठा, सगळीकडे शून्य. शेवटी गावावरच्या टेकाडावर ती पाय मोकळे करायला उतरली, आणि सहाही फोन रेंजने भरले.

बाबासो एक फोन घेऊन खाली उतरत गेला. रेंज तश्शीच! मग हेमांगीने सहज एक पाऊल टाकलं, तर गेली.

"रेंज टेकाडाची न्हाई, ताई," बाबासो वर येऊन म्हणाला. "तुमची हाय. हलू नका."

"अगंबाई!" तिला मोठी गंमत वाटली. हात वर केला तर रेंज आणखी वाढली. "मामा, असाच आकडा भरा. करा हिरवं."

बाबासोने हिरवं केलं. खाली कुत्री भुंकली, गिरणी घरघरली, आणि आईची आरोळी आली, "सुटलं गं बाई!" हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात तिच्या दातांमधून गावाचे फोन जायला लागले. कुणी जावयाला झापत होतं, कुणी खत मागवत होतं.

मग आईने अंगणातून नंबर लावला. तो हेमांगीचाच होता.

"आये, हितंच हाय मी, वर बघ," असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

"आपण डायल केलेला क्रमांक," एक परकी, गोड बाई तिच्या तोंडून म्हणाली, "सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे."

आईने पुन्हा नंबर लावला.