दहाव्याचा फ्लेक्स

हे मी लिहिणारच नव्हतो. मेलेल्या फौजीची टिंगल केली म्हणून माझ्या नावानं बोंब होणार. पण टिंगल किशनरावची न्हाई, त्याच्या दहाव्याला उदगीरच्या तळ्यावर जमलेल्यांची हाय.

पिंड मांडून लई वेळ झाला होता. कावळे लिंबावरून नुसते बघत होते, खाली एक उतरेना. म्हाताऱ्याची काहीतरी इच्छा राहिली, असं सगळ्यांनी ठरवलं. मग आश्वासनांचा पाऊस.

"किशनराव, चौकात तुमचा पुतळा बसवतो," सरपंच म्हणाला.

कावळे हलले न्हाईत. मत मागितल्यासारखं बोलला तर हलतील कशाला?

लातूरचे क्लासवाले अनंतराव सर पुढं आले. फौजेतनं सुटल्यावर म्हातारा त्यांच्या गेटवर वॉचमन होता. निकालाच्या दिवशी सर त्याला वर्दीत उभा करायचे, पालकांना फोटो काढायला. आजबी दोन पोरं पिंडाजवळ भला मोठा फ्लेक्स धरून उभी. त्यावर म्हाताऱ्याचं तोंड कुठल्यातरी जनरलच्या धडाला चिकटवलेलं, वाऱ्यानं फडफड करून राहिलेलं.

"छातीवर गोळ्या झेलणारा वाघ!" सर गरजले.

किशनराव फौजेत गाड्या दुरुस्त करायचा. गोळी कधी लागली न्हाई, एकदा पायावर जॅक पडला तेवढा. किल्लारीच्या भूकंपात सुट्टीवर होता. बंद पडलेला ट्रक चालू करून त्यानं जखमी लातूरला नेले. त्यापायी दर तीस सप्टेंबरला त्याला बोलावून शाल द्यायचे. शालीनं तो इंजिनाचं ऑईल पुसायचा. बायको गुणाबाई वरडायची.

"लोकरीची हाय," तो म्हणायचा, "झ्याक पुसती."

त्याचा नातू वैजनाथ, माझा दोस्त. इंजिन त्याच्याच हाताखाली शिकला. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेत दोनदा आपटला. आता परत बसायचं न्हाई, गॅरेज टाकायचं, हे दहावा उरकला की बापाला सांगणार होता.

फ्लेक्सवाल्या पोरांचे हात भरून आले. फ्लेक्स गुंडाळून ती चहाला गेली. तेवढ्यात वैजूचा बाप, नाव श्रीमंत, हात जोडून रडायला लागला.

"बा, वैजूला डॉक्टर करतो! परत सरांच्याच क्लासला घालतो!"

कावळा उतरला. भात उचलून गेला.

"बघितलं का? बघितलं का?" सरांनी पिंडाला दंडवत घातला. बायका रडल्या. श्रीमंतनं वैजूला मिठी मारली. त्या मिठीतनं वैजू माझ्याकडं बघत होता.

गाडीजवळ आलो तरी तो किक मारीना.

"फडफडीला भ्याले होते रे ते," मी म्हणलो. "फ्लेक्स गेला, कावळा आला."

"मला कळत न्हाई का? बापाला कोण सांगंल?"

"मी सांगतो. तेराव्याला, समद्या भावकीपुढं."

"हाणतील तुला."

"हाणू दे. शब्द देतो."

"तूबी शब्दच देऊन राहिला का?"

"हाव. पण जित्या माणसाला."