पाने भरण्यास बरे

कुमार चौबळ सरांना लोक 'राज्यचिंतन'चे चौबळ म्हणून ओळखत, असं सर स्वतःच सांगत. लोक म्हणजे नेमके कोण, हे विचारायची सोय नव्हती. पनवेलच्या एका महाविद्यालयातून पंचवीस वर्षं निघणाऱ्या या राज्यशास्त्राच्या त्रैमासिकाचे ते संस्थापक, संपादक, मुद्रितशोधक आणि, त्यांच्या पत्नी वसुंधराबाईंच्या मते, एकमेव वाचक. नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण खुर्ची सुटली तरी अंक सुटला नव्हता. सुकापूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एक अख्खी खोली अंकांना दिलेली होती. पाहुणे आले की बाहेर सोफ्यावर झोपत, कारण आतल्या पलंगावर जुने अंक पहुडलेले असत.

अंकाची पंचविशी आली म्हणून ग्रंथपाल अनुयाने एक काम अंगावर घेतलं होतं. पंचवीस वर्षांत कोणत्या विषयावर किती लेख छापले आणि जगात कुणी कुणी आपल्या लिखाणात त्यांचा संदर्भ दिला, म्हणजे हल्ली सगळे ज्याला सायटेशन म्हणतात, ते मोजून काढायचं. सर तोंडावर म्हणाले, "विचार काय तराजूत घालून बघायची वस्तू आहे का?" आणि मनात म्हणाले, बघू तरी, सार्वभौमत्वाचं काय निघतं ते.

'सार्वभौमत्वाची पुनर्मीमांसा' ही सरांची सात भागांची लेखमाला. पावणेदोन वर्षं चालली होती. चौथ्या भागानंतर वर्गणीदार गळायला लागले, तेव्हा सरांनी त्याचं खापर लोकांच्या पचनशक्तीवर फोडलं आणि पाचवा भाग आणखी लांबवला.

सोमवारी सकाळी अनुयाचा फोन आला. "सर, आपल्या अंकात सगळ्यात जास्त सायटेशन तुमच्या लेखाला आहेत. एकशे सत्तेचाळीस."

सर फक्त "बरं" म्हणाले. असं "बरं" म्हणायला किती बळ लागतं ते त्यांनाच ठाऊक. फोन ठेवून ते स्वयंपाकघरात गेले. वसुंधराबाई मेथी निवडत होत्या.

"एकशे सत्तेचाळीस जणांनी माझा आधार घेतलाय," सर म्हणाले.

"अहो, माणसांनी?"

"विद्वानांनी."

"मग ठीक आहे. मला वाटलं माणसांनी."

दुपारी प्राचार्यांचाही फोन आला. शनिवारी रौप्यमहोत्सवाचा कार्यक्रम होताच, त्यात सर्वाधिक उद्धृत लेखकाचा सत्कार करायचं ठरलं. शाल, श्रीफळ, मानपत्र. सरांनी नको नको म्हटलं, पण अशा बेताने की पलीकडच्याला ते खरं वाटू नये. संध्याकाळपर्यंत त्यांचं भाषण मनात तयार होतं. त्यात "मी तर निमित्तमात्र" हे वाक्य तीनदा येत होतं.

मंगळवारी ते डोळ्यांनी बघायला ग्रंथालयात गेले. अनुयाने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. सार्वभौमत्वावर एकतीस लेख, सगळे मिळून सायटेशन नऊ. संघराज्यावर अठ्ठावीस लेख, सायटेशन चौदा. सरांच्या सात भागांना मिळून तीन. त्या तिनांतली दोन सरांनीच आपल्या दुसऱ्या लेखांत दिलेली, आणि तिसरं नागपूरच्या एका गृहस्थांचं, ज्यांनी 'हे मत टिकणारे नाही' एवढ्यासाठीच सरांची आठवण काढली होती.

"मग एकशे सत्तेचाळीस?" सरांचा आवाज जरा बारीक झाला.

अनुयाने तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. विषय: मच्छीमारांची गावकी. लेख: एक. 'खाडीतल्या पाळ्या', २००९, इंग्रजीत, पावणेतीन पानं. लेखक कुमार चौबळ. संदर्भ देणारे नॉर्वेचे, केरळचे, चिलीचे, जपानचे. मासे असलेल्या प्रत्येक देशाने सरांची दखल घेतली होती.

"हे मी कधी लिहिलं?" सरांनी विचारलं.

"शेवटच्या पानांवरचं टिपण आहे सर. त्यावर नाव नाही. जुने अंक संगणकावर चढवताना लेखकाची जागा रिकामी ठेवता येत नव्हती, म्हणून बिननावाच्या मजकुराला संपादकाचं नाव लावायचं ठरलं होतं. तुम्हीच सांगितलेलं."

सर घरी आले ते टिपणाची छापील प्रत घेऊन. रिक्षात वाचलं, घरी पुन्हा वाचलं. उरणकडच्या एका कोळीवाड्यात खाडीत जाळी लावायच्या चांगल्या जागा थोड्या आणि घरं जास्त. म्हणून दरवर्षी नारळी पुनवेच्या आधी गावकी बसते, चिठ्ठ्या निघतात. गेल्या साली ज्याला उत्तम जागा मिळाली तो यंदा शेवटी निवडतो. ज्या घरात जाळं ओढणारा पुरुष उरला नाही, त्या घराचीही चिठ्ठी निघते आणि तिची जागा दुसरा कसतो, अर्धी मासळी त्या घरात पोचवतो. नियम कुठे लिहिलेला नाही आणि तो मोडल्याचं कुणाला आठवत नाही. सरकार नसताना माणसं एकमेकांचं का ऐकतात, हे सरांना सात भागांत सांगता आलं नव्हतं. इथे ते पावणेतीन पानांत होतं आणि वाचताना एकदाही जांभई येत नव्हती.

मग सरांना आठवलं. छापखान्यात अंक सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापायचे. मजकूर संपला आणि फॉर्ममध्ये तीन पानं कोरी उरली तर ती कोरी सोडणं सरांच्या जिवावर यायचं. अशा वेळी ते विद्यार्थ्यांच्या गठ्ठ्यातलं एखादं टिपण उचलत, काटछाट करून घालत, आणि खाली नाव देत नसत. विद्यार्थ्याचं नाव दिलं तर अंकाचं वजन कमी होतं, अशी त्यांची समजूत होती. त्या अंकात इंग्रजी मजकूर कमी पडला म्हणून हे टिपण त्यांनी स्वतः इंग्रजीत केलं होतं.

सरांच्या घरातून कागद बाहेर जात नाही, याबद्दल वसुंधराबाईंनी आयुष्यभर कपाळ बडवलं होतं. त्या दिवशी तो गुण उपयोगी पडला, की नडला, ते ठरवणं कठीण. पलंगाखालच्या तिसऱ्या गठ्ठ्यात आखीव कागद सापडले. निळी शाई, गोल अक्षर. कीर्ती कमळाकर नाखवा, एम.ए. भाग दोन. पहिलं वाक्य होतं, 'हे मी लहानपणापासून आजीच्या शेजारी बसून पाहत आले आहे.' त्यावर सरांची लाल पेन्सिल आडवी फिरली होती, कारण संशोधनात 'मी' नसतो. आणि वरच्या कोपऱ्यात सरांच्याच वळणदार अक्षरात शेरा होता: 'पाने भरण्यास बरे. नाव नको.'

सर पलंगाच्या कडेवर टेकले. त्यांना लाज वाटली, अगदी स्वच्छ लाज. पण राज्यशास्त्राचा माणूस लाजेशीही वाटाघाटी करतो. इंग्रजी तर माझंच आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. इंग्रजी नसतं तर नॉर्वेवाल्यांनी काय वाचलं असतं? शिवाय शनिवारच्या पत्रिका छापून झाल्यात. पुढच्या अंकात शुद्धिपत्र देऊ की, तीन महिन्यांनी. सोळा वर्षं गेली, तीन महिन्यांनी काय बिघडतंय? कागद त्यांनी पुन्हा गठ्ठ्यात ठेवले, फक्त सगळ्यात खाली ठेवले.

बुधवारी वसुंधराबाई बाजारातून आल्या त्या पिशवीभर बोंबील आणि एक बातमी घेऊन. त्या वर्षानुवर्षं एकाच कोळणीकडून मासळी घेत. जनीबाई नाखवा, कीर्तीची आई.

"जनीने आज दोन बोंबील जास्तीचे घातले," ताटं वाढताना वसुंधराबाई म्हणाल्या. "म्हणाली, 'बाई, माज्या कीर्तीची शुक्करवारी मुलाखत हाय. चौदा वरसां तासावर शिकवते, यंदा पक्की झाली तर झाली, मंग वय जाल. तिथं इचारतात म्हने, तुमचा लिवलेला कोनी वाचलाय का. आमाला काय त्यातला समजत नाय. सरांना सांगा, देवाला हात जोडा.' तुम्ही आणि देवाला. मी हो म्हटलं."

सरांच्या हातातला बोंबील पुन्हा ताटात गेला. चौबळांच्या घरात ही घटना वडील गेले तेव्हासुद्धा घडली नव्हती. वसुंधराबाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "काय केलंत?"

सरांनी सगळं सांगितलं. इंग्रजीचा मुद्दाही सांगितला. वसुंधराबाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत, आणि सरांना भीती वाटली ती त्याचीच. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "शाल कुठल्या रंगाची आहे?"

"मला काय ठाऊक?"

"बघून घ्या. चोरीच्या मालाला शोभेल अशी असावी."

गुरुवारी सकाळी सर ते आखीव कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून रिक्षाने रोडपालीला निघाले. वाटेत त्यांनी लाल शेरा असलेला कोपरा दुमडून बघितला. मग फाडून टाकावा का, असाही विचार केला. फाडला तर पुरावा कमी पडेल, या कारणाने त्यांनी तो ठेवला. खरं कारण दुसरं होतं, पण त्याला ते अजून नाव देत नव्हते.

कीर्ती घरी एकटीच होती. टेबलावर मुलाखतीची फाइल पसरलेली. सरांना दारात बघून ती गडबडली, पाणी आणलं, पंखा वाढवला. सरांनी पिशवी पुढे केली आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रस्तावनेशिवाय बोलले.

"कीर्ती, हे तुझं आहे. एकशे सत्तेचाळीस सायटेशनही तुझी आहेत. मी पत्र लिहून आणलंय, संपादकाच्या सहीचं. उद्या समितीला दे. संगणकावरचं नाव अनुया आज बदलतेय. आणि त्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते तू वाचावंस, म्हणून कागद तसाच आणला."

तिने कागद उघडले. कोपरा उलगडला, वाचला, आणि चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"हे ठाऊक आहे सर," ती म्हणाली. "तेव्हा तुमच्या इंग्रजी मजकुरासोबत हे कागदही छापखान्यात मीच नेले आणि परत आणले होते. तुम्हीच पाठवलं होतंत. एसटी स्टँडवर उभी राहून वाचलं."

सरांनी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तेव्हा वाटलं, छापतायत हेच पुष्कळ. घरी अंक नेला, बाबांनी देवाजवळ ठेवला. नाव कुठे आहे विचारलं, तर मी म्हटलं, मोठ्या अंकांत नाव देत नाहीत." तिने टेबलावरची फाइल मिटली. "पुढे पीएच.डी.त तेच प्रकरण इंग्रजीत वाढवून लिहिलं. तर चोरी तपासायच्या सॉफ्टवेअरने पकडलं. गाइड म्हणाले, हा मजकूर चौबळांचा आहे, त्यांचा संदर्भ द्या नाहीतर प्रबंध परत येईल. मी दिला. त्या एकशे सत्तेचाळिसांतलं एक माझं आहे सर."

आपल्या आजीच्या शेजारी बसून पाहिलेल्या गोष्टीसाठी या मुलीला तळटीप द्यावी लागली होती, आणि तळटिपेत नाव चौबळांचं होतं. सरांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडला नाही, तेव्हा तिने ओढणीचं टोक पुढे केलं, आणि मग दोघांनाही जरा हसू आलं.

"माझं चुकलं," सर म्हणाले. सात भागांत हे वाक्य एकदाही आलेलं नव्हतं.

शुक्रवारी मुलाखत झाली. शनिवारी सरांनी माइक हातात घेतल्यावर सभागृहातले अनुभवी लोक सावरून बसले, पण सरांनी चार मिनिटांत आटोपलं. आखीव कागदावरचा शेरा त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला आणि शाल कीर्तीच्या खांद्यावर घातली. मानपत्रात कुमार चौबळ असं छापलेलं होतं, त्यावर प्राचार्यांनी घाईघाईने पांढरी पट्टी चिकटवून दिली. पुढच्या रांगेत बसलेल्या जनीबाईंनी वसुंधराबाईंना विचारलं, "सर कशाला रडतात? शाल त्यांना नाय मिळाली म्हनून?" वसुंधराबाई म्हणाल्या, "थोडं त्यामुळेही." पंधरा दिवसांनी कीर्तीच्या नेमणुकीचं पत्र आलं आणि चौबळांकडे पापलेटं आली. त्यांचे पैसे जनीबाईंनी काही केल्या घेतले नाहीत.

पुढच्या अंकात सरांनी शुद्धिपत्र लिहिलं. ते शेवटच्या पानावर घालायची रीत, पण सरांनी पहिल्या पानावर घातलं आणि त्यासाठी स्वतःचं संपादकीय मागे ढकललं. जेमतेम अर्धं पान होतं. टिपण कुणाचं, नाव का गळलं, गाळणारा कोण, आणि काटलेलं पहिलं वाक्य आहे तसं, 'मी'सकट.

वर्ष सरता सरता अनुयाचा फोन आला. खाडीवर लिहिणारे सगळे आता कीर्ती नाखवा यांचा संदर्भ देत होते, आणि नाव का बदललं हे सांगायला सोबत शुद्धिपत्राचाही. "सर, तुमच्या शुद्धिपत्राला तेवीस सायटेशन झाली. तुमच्या सगळ्या लिखाणात तेच सगळ्यात पुढे आहे."

सर स्वयंपाकघरात गेले. वसुंधराबाई बोंबील साफ करत होत्या.

"तेवीस," सर म्हणाले.

"विद्वानांनी?"

"नाही," सर म्हणाले, आणि पाट ओढून त्यांच्याजवळ बसले. "माणसांनी."