नवमीची साडी

"अंकल, पंखा बंद रखिए ना. साउंड में आ रहा है."

मी माझ्याच स्वयंपाकघरात स्टुलावर बसून घाम पुसत होतो. बाहेरच्या खोलीत हिंदी पिक्चरचं शूटिंग चाललं होतं. पिक्चरमधलं घर अंधेरीतलं, खरं घर बदलापूरला खरवईत. खिडकीतून डोंगर दिसतो म्हणून त्यांनी तिला कापड लावलं होतं.

हे सगळं माझ्या मुलानं, शौनकनं ठरवलं. त्याचा मित्र त्या कंपनीत आहे. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे, बाबा. तुम्हालाही माणसं दिसतील. मम्मी गेल्यापासून भिंतीकडे बघत बसता." मी हो म्हटलं. अट एकच घातली. मालिनीच्या कपाटाला हात लावायचा नाही.

कपाटात तिची हिरवी साडी होती. आजारी पडायच्या आधी उल्हासनगरला सिंधी दुकानदाराशी भरपूर घासाघीस करून घेतलेली. घडीसुद्धा मोडली नव्हती. दुसऱ्या दिवशी अविधवा नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालतात, कोरी साडी देतात. मालिनीची ही पहिलीच नवमी. साडी काशीला द्यायची, हे मी ठरवून ठेवलं होतं.

काशी आमच्याकडे भाजी घेऊन येते. तिचा नवरा कित्येक वर्षं अंबरनाथला दुसरीबरोबर राहतो. बिल्डिंगमधल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवत नसत. मालिनी बोलवायची. म्हणायची, "कुंकू लावते ना ती? मग झालं."

बाहेर हीरो आमच्या पलंगावर बसून रडत होता. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली आणि यानं ऑफिसातली बाई घरी आणलेली. "मैं भी तो इंसान हूँ," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. डायरेक्टर दर वेळी सांगायचा, "थोड़ा और दर्द."

त्याच पलंगावर मालिनी खितपत पडली होती. मी तिची कूस बदलायचो, भांडं द्यायचो. तेव्हा मीही माणूसच होतो.

पाणी प्यायला उठलो, तर दाराच्या फटीतून हिरवं दिसलं. ती ऑफिसातली बाई मालिनीची साडी नेसून उभी होती आणि हीरो पदराला नाक लावत होता.

मी सरळ बाहेरच्या खोलीत गेलो.

"कट! अंकल फ्रेम में आ गए यार!"

"ही साडी कोणी दिली?"

कपडे सांभाळणारी मुलगी घाबरली. "चाबी भैया ने दी, अंकल."

शौनक मला बाजूला घेऊन कुजबुजला, "बाबा, त्यांची साडी डिझायनर वाटत होती. घरच्या बाईची वाटेना. बायकोची साडी तिला नेसवतो, असा सीन आहे. ड्रायक्लीन करून देतायत ना."

"उद्या नवमी आहे."

"मग दुसरी मागवू. नाहीतरी कपाटात पडूनच होती. कोण नेसणार होतं?"

त्या नटीनंच आत जाऊन साडी बदलली आणि घडी करून आणून दिली. "सॉरी अंकल," म्हणाली. तिच्यावर माझा राग नव्हता. पदराला गुलाबी पावडर लागली होती आणि अत्तराचा वास येत होता.

संध्याकाळी ते गेले. मालिनीचा फोटो त्यांनी वॉशिंग मशीनवर उपडा ठेवला होता. हीरोनं कुठे उभं राहायचं त्या खुणेच्या चिकटपट्ट्या फरशीवर तशाच होत्या.

दुसऱ्या दिवशी काशी जेवायला आली. मी सांगितलं, "तुझी साडी उष्टी झाली, काशी. दुसरी आणतो." आणि सगळं सांगितलं.

ती ऐकत राहिली. मग फस्सकन हसली.

"पिक्चरमधल्या सवतीनं नेसली?"

"हो."

"अवो भावजी, माझा नवरा तर खऱ्या सवतीकडं आहे. तो काय कोरा राहिलाय? साडीचं काय घेऊन बसलाय! आणा इकडं."

"अगं, पण नेसलेली देत नाहीत."

"वहिनींनी हातानं घेतलेली ना? मग दुसरी नको मला."

ती साडी घेऊन मोरीत गेली. बराच वेळ नळाखाली पदर चोळत होती. अत्तर गेलंय का ते हुंगून पाहत होती. मग ओली साडी घेऊन बाहेर आली आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

"धरा घट्ट. पिळते. वाळंपर्यंत जेवू."

साडी जड झाली होती. पिळताना टोक माझ्या हातातून निसटायला लागलं. पाणी त्या चिकटपट्ट्यांवर गळत होतं. शौनक दारात उभा होता, तो पुढे आला.

"द्या बाबा, मी धरतो."

मी टोक सोडलं नाही.