बाळंतिणीची शाल

दोन्या चोनाचा तेलकट हात ब्रिसेइदाने आपल्या पोटावरून उचलला आणि चटईवर ठेवून दिला.

"पोट चोळायचं नाही."

"अगं, गर्भाशय गार पडलंय तुझं," गावात सगळ्यांची पोटं चोळून देणारी ती म्हातारी म्हणाली. "ऊब दिल्याशिवाय बी रुजायचं कसं? तुझ्या सासूनंच बोलावलंय मला."

"मग सासूचं चोळा."

दाराशी उभ्या असलेल्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "एक नळी गेली, पण जीभ बघा, हातभर लांब!"

"नळी डॉक्टरांनी कापली. जिभेला हात लावायची त्यांची छाती नव्हती."

गेल्या हिवाळ्यात गर्भ नळीतच अडकला. नळी फुटली, पोटात रक्त झालं, क्वाउत्लाच्या इस्पितळात ब्रिसेइदा कशीबशी वाचली. तेव्हापासून पाळीचं काही खरं राहिलं नव्हतं. कधी गाठीच्या गाठी पडायच्या, कधी दिवस उलटून जायचे. दिवस उलटले की सासूबाई तिला बादली उचलू देत नसत, शेजारणीशीही गोड बोलत. ब्रिसेइदा मात्र पुन्हा कुठे कळ येते का, म्हणून पोट दाबून बघत बसे. मग डाग दिसायचा आणि घरात सगळ्यांची तोंडं उतरायची.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उरलेली नळी चांगली आहे. मूल मलाही हवंय," ती म्हणाली. "पण आधी माझं राहिलेलं करा."

तिने खुंटीवरची लांब शाल ओढली आणि चोनापुढे टाकली.

"कंबर बांधा माझी."

चोना दचकली. बाळंत झालेल्या बाईच्या कंबरेखालून शाल घालायची, दोघींनी दोन बाजूंनी ओढायची आणि उघडलेली हाडं मिटवायची, ही गावाची रीत.

"पोरी, हे बाळंतिणीचं असतं. तू कुठं..."

"मी कुठं काय?" ब्रिसेइदा कडाडली. "माझ्या पोटात होतं ना? रक्त माझंच गेलं ना? मला ना कुणी कोंबडीचा रस्सा दिला, ना चाळीस दिवस निजू दिलं. टाके ओले होते तेव्हा तव्यापुढे बसवलंत! तुमच्या लेखी काही झालंच नाही, आणि मी त्याच्यासाठी रोज रडते. पहिलं मोजा, मग दुसरं मागा!"

अंगणात तिचा नवरा फिदेन्सियो मका सोलत होता. त्याचे हात थांबले.

"एकटीनं होत नाही हे," चोना पुटपुटली. "दोघी लागतात."

सासूबाई दारातून आत आल्या. मग त्यांनी हात पुसले, कण्हत चटईपाशी गुडघे टेकले आणि शाल सुनेच्या कंबरेखालून सरकवली. एक टोक त्यांनी चोनाकडे फेकलं.

"धर नीट. ओढ."

शाल करकचून आवळली.

"दुखतंय का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"दुखू दे. अजून ओढा."

त्यांनी अजून ओढली. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं, पण हात मोकळे नव्हते. मग शेजारपाजारच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या,

"फिदेन्सियो! कोंबडी काप!"

"आज? कशाला?"

"कशाला म्हणजे? तुझी बायको बाळंत झालीय."