तीन नंबरचा माऊस

मी तीन नंबरच्या कॉम्प्युटरचा माऊस बोलतोय. आजकालच्या माऊसच्या पोटातून लाल उजेड पडतो, तसलं माझं काही नाही. माझ्या पोटात रबरी गोळा आहे. तो फिरला की पडद्यावरचा बाण सरकतो. त्या गोळ्याला धूळ फार लागते, आणि माणसांना ती पुसायचा कंटाळा त्याहून फार.

जन्म कुठला ते ठाऊक नाही. पोटावरची चिठ्ठी पहिल्याच वर्षी निघून गेली. मला आठवतं ते इंदिरानगरातल्या दीपक सरांच्या क्लासपासूनचं. ओझरच्या कारखान्यातली नोकरी सोडून सरांनी घराच्या गॅरेजमध्ये चार कॉम्प्युटर मांडले. सरांच्या बायकोने, मंजुषावहिनींनी, आम्हा सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. माझ्या डाव्या बटणात कुंकू शिरलं ते दोन महिने निघालं नाही.

सुरुवातीचे दिवस संथ होते. नवशिका माणूस मला उचलून पडद्यावर रोखायचा. नाहीतर टेबलाच्या कडेपर्यंत न्यायचा आणि “सर, जागा संपली,” म्हणून हाक मारायचा.

मग २००३ साली सरांचा पुतण्या ओम एक सीडी घेऊन आला. चारही कॉम्प्युटर वायरीने जोडलेलेच होते. त्यांवर चौघांनी एकमेकांना मारायचा खेळ. शनिवारी दुपारी क्लास सुटल्यावर तासभर खेळायला सरांनी परवानगी दिली.

खरं सांगतो, पहिल्या दिवशी मला तो खेळ मुळीच आवडला नाही. कुठल्याशा ग्रहावरचे लोखंडी बोळ, आपोआप उघडणारी दारं, दोन मजले उंच उड्या मारणारी माणसं. पळता पळताच मागे वळून गोळी झाडायची. मेलं की दोन सेकंदांत दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा उभं. विचार करायला सवड म्हणून नाही. मला असं गरागरा फिरवलं की आपलं तोंड कुठे नि शेपूट कुठे, तेच कळेना. तासाभरात बटण हुळहुळं झालं.

त्या दिवशी माझ्यावर हात होता वैष्णवीचा. ही पाथर्डीकडच्या मळ्यातली, नुकतीच बारावी झालेली. पहाटे झेंडू खुडून मग क्लासला यायची. पहिल्या शनिवारी ती अकरा वेळा मेली. तिसऱ्या शनिवारी ओम तिला टाळून पळायला लागला. फुलं खुडून खुडून तिचा हात असा तयार झाला होता की डोळा पोचायच्या आत बोट पोचायचं. तेव्हापासून मला खेळाचा राग येईना. कुणीतरी मला इतकं चांगलं चालवत होतं, त्याचा अभिमानच वाटला.

पण बातमी मळ्यात पोचली. वैष्णवीचे मोठे काका रंगनाथ म्हणाले, पोरगी क्लासच्या नावाखाली पोरांबरोबर बंदुका चालवते, नाव काढून घ्या. क्लासची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. पुढच्या शनिवारी तिचे वडील मोतीराम स्वतः बघायला आले. चपला बाहेर काढून आत आले आणि उभेच राहिले.

“आप्पा, तुम्हीच बसून बघा,” वैष्णवी म्हणाली. आवाज ठाम होता, पण मला सोडताना तिचा तळवा ओला होता.

मोतीराम तीन नंबरवर बसले, ती शेजारी चारवर. त्यांनी आधी मला हात लावून नमस्कार केला. मग नांगर धरावा तसं धरलं. पलीकडे सर आणि ओम. खेळ सुरू झाला. मोतीराम आपले एका बोळात उभे. तेवढ्यात स्पीकरमधून बाई ओरडली, “इनकमिंग!”

आकाशातून बॉम्ब येतोय, पळा, असा त्याचा अर्थ. मोतीरामांनी मला सोडलं आणि खिशातला मोबाईल काढून कानाला लावला. “हॅलो?”

पडद्यावर त्यांच्या चिंधड्या उडाल्या.

“कोणाचाच फोन नाय,” ते म्हणाले. “आता तर इनकमिंग फ्री झालंय म्हणत्यात.” ओम हसून हसून खुर्चीवरून घसरला. वैष्णवी तेवढी हसली नाही.

मोतीराम पुन्हा जिवंत झाले. या वेळी त्यांचं लक्ष लेकीच्या पडद्याकडे गेलं. तिथे तिच्या नेमाच्या बरोबर मधोमध त्यांचाच पिवळा माणूस उभा होता. तिचं बोट बटणावर होतं. ते हललं नाही. ती वळली आणि मागून येणाऱ्या ओमला तिने एका गोळीत पाडलं.

“नेम माझ्यावर व्हता ना?” मोतीरामांनी विचारलं.

“हो.”

“मग सोडलं का?”

“तुम्ही होतात, आप्पा.”

मोतीरामांनी मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, “घरी माझ्या तोंडाकडं बघून वागतीस. इथं बी तेच करायचं, तर मग शिकतीस काय? मार.”

“आप्पा...”

“मार म्हणतो ना.”

तिने मारलं. त्या क्षणी त्यांची बोटं माझ्याभोवती इतकी आवळली की माझं कवच करकरलं. आणि हा माणूस मोठ्याने हसला.

तिथूनच त्यांनी भावाला फोन लावला. “दादा, नाव नाय काढायचं. परीक्षा देऊ दे तिला... बंदूक चालवते ते खरं हाय. लय भारी चालवते. आत्ताच मला मारलं तिनं.”

वैष्णवी पास झाली. पुढे क्लास बंद पडला, लाल उजेडवाले आले आणि मी वायरींच्या खोक्यात पडलो. परवा वहिनी खोकं भंगारात द्यायचं म्हणत होत्या. द्या, माझी तक्रार नाही. जमलं तर तेवढा गोळा पुसून द्या. त्या दुपारी मोतीराम आणखी सहा वेळा मेले. माझ्यावर हात ठेवून इतक्या आनंदाने मरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.