सातव्या नंबरचा विषय

"पेपरोनी म्हणजे मांसच की रे! शुक्रवारी, उपासाच्या चाळीस दिवसांत, कॅथलिक शाळेत चारशे पोरांच्या ताटात डुक्कर वाढणार तू?" कॉलीन हॅनरहान टेबलावर पेन आपटून ओरडली.

"पातळ गोल चकत्या असतात गं," रोक्को म्हणाला. "चीजखाली दिसत पण नाहीत."

"देवाला दिसतात!"

"डुकराला पण दिसलं असणार," हलिना आजी स्वेटर विणता विणता पुटपुटली.

कॉलीन पालक परिषदेची अध्यक्ष. रोक्को पिझ्झा-प्रमुख. दर महिन्याचा पिझ्झा त्याच्या मेव्हण्याच्या दुकानातून येतो, म्हणून हे पद त्याला जन्मजात मिळालेलं. परवाच्या शुक्रवारची ऑर्डर त्यानंच भरून दिली होती. परिषदेनंच छापलेल्या कॅलेंडरवर त्या शुक्रवारी लाल मासा काढला होता. मासा म्हणजे मांस बंद, पहिलीतल्या पोराला पण माहीत असतं.

"मासा बघितला नाहीस?" कॉलीन.

"बघितला ना. मला वाटलं पोहण्याचा तास आहे."

शाळेच्या लायब्ररीत पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर सगळी मोठी माणसं गुडघे हनुवटीला टेकवून बसली होती. चारी बाजूंनी पुस्तकं. कोणी ढुंकून बघत नव्हतं. भिंतीवर ही लांबलचक पट्टी: 'पालक परिषद: मुलांच्या शिक्षणाला आपला हातभार'. पट्टीचा एक कोपरा नोव्हेंबरात सुटला होता. तो चिकटवायचा ठराव अजून व्हायचा होता.

दाराजवळच्या खुर्चीत दुआर्ते मेदेइरोस बसला होता. पायात बर्फाचे बूट, मांडीवर नारिंगी जाकीट. हॅमिल्टन शहराचा बर्फ हटवायचा ट्रक चालवतो. रात्रपाळी नऊला सुरू होते, म्हणजे साडेआठला निघावंच लागतं. बाहेर दुपारपासून बर्फ नुसता ओततोय, आज उशीर केला तर मुकादम कातडी सोलेल.

त्याचा विषय सातव्या नंबरवर होता. तो कायम सातव्याच नंबरवर असायचा. पहिला नंबर प्रार्थनेचा. कॉलीन ती अशी ताणायची, की नमनालाच घडाभर तेल. दुसरा, मागच्या बैठकीचा वृत्तांत. तिसरा पिझ्झा. चौथा हुडी कुठल्या रंगाची, पाचवा वसंत मेळावा, सहावा गेटपुढची गाड्यांची रांग. आणि मग सातवा, तळाला, कागद संपता संपता: 'मुलांचं शिकणं'. ज्याच्यासाठी परिषद जन्माला आली, ते बिचारं शेवटी, पंगतीत मीठ उरलं तर वाढा म्हटल्यासारखं.

आज वृत्तांत वाचताना कॉलीननं त्याच्या तोंडावर वाचलं होतं, "विषय सात. श्री. मेदेइरोस उपस्थित नसल्याने पुढच्या बैठकीत." असं सलग पाच महिने, दर वेळी तो साडेआठला पाळीला निघाला की. जणू तो कुठं बीचवर लोळायला गेला होता.

त्याची इनेस आठ वर्षांची, तिसरीत. ऑक्टोबरात एकदा झोपायच्या आधी ती त्याला गोष्ट वाचून दाखवत होती. खडखडीत, एक अडखळ नाही. दुआर्तेचा अंगठा चिकट होता, त्यानं चुकून दोन पानं एकदम उलटली. पोरगी थांबलीच नाही. बोट फिरवत, समोर नसलेलं पान तिनं अख्खं वाचलं. चित्रात होती होडी, ही वाचत होती अस्वल.

त्यानं पांघरूण नीट केलं, बाहेर आला आणि ट्रकमध्ये जाऊन बसून राहिला. तीन वर्षं पोरगी सगळं पाठ करून, चित्रं बघून मारून नेत होती. शिक्षिकेला विचारलं तर ती म्हणाली, अशी अकरा आहेत वर्गात, मी एकटी काय काय करू? रोज सकाळी घंटेच्या आधी पंधरा मिनिटं कोणी मोठं माणूस शेजारी बसलं तर पोरं वर येतील. आत्ता. चौथीत गेल्यावर मग अक्षर चिकटवून पण चिकटत नाही.

एवढंच त्याला मागायचं होतं. सकाळी पंधरा मिनिटं.

घड्याळात आठ वीस. पिझ्झा अजून हवेतच.

"गुरुवारी करू पिझ्झा," कोणीतरी म्हणालं.

"गुरुवारी वाढदिवसाचे कपकेक असतात," कॉलीन म्हणाली. "दोन्ही नाही जमणार. नुसतं चीज मागवू. पण ऑर्डर बदलायची तर ठराव पाहिजे."

"नुसतं चीज आमच्या मेव्हण्याला चालायला पाहिजे ना," रोक्को म्हणाला. "त्यानं पेपरोनी कापून ठेवलीय. तू येऊन सांग त्याला, मी नाही सांगणार. माझी बहीण जीव घेईल."

आठ पंचवीस. दुआर्तेचा फोन थरथरला. तो उठला, जाकीट चढवलं.

"मला निघायला हवं."

"हो हो, या तुम्ही. सांभाळून चालवा." कॉलीन मान वर न करता म्हणाली. "विषय सात पुढच्या..." आणि तिचं पेन थबकलं. ते पेन हवेत माणसं मोजायला लागलं. एकदा मोजली. परत मोजली.

"थांबा!"

तेरा जणांची परिषद. ठरावाला सात पाहिजेत. बर्फामुळे सहा जण फिरकलेच नव्हते, आणि मुख्याध्यापिका ट्रेम्ब्लेबाईंना मत नाही. दुआर्ते दाराबाहेर गेला की उरतात सहा. कोरम गेला. मग शुक्रवारी पेपरोनीच.

दुआर्तेनं कॉलीनच्या पेनाकडं बघितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याला कोणीतरी मोजलं होतं.

"आधी सात नंबर," तो म्हणाला.

"असा क्रम मोडता येत नाही हो!"

"मग मी निघतो."

"अरे दुआर्ते, भावा, पाच मिनिटं," रोक्को गयावया करायला लागला. "पिझ्झा होऊ दे, मग तुझं ते अक्षरांचं घे."

"अक्षरांचं?" दुआर्तेचा आवाज चढला. "तुला माशाचं चित्र कळत नाही, तू बोलू नकोस अक्षरांबद्दल!"

हलिना आजी खुदकन हसली. कॉलीन लाल झाली. पण पेनानं तिसऱ्यांदा मोजलं तरी ते सातच.

"बरं. विषय सात," ती दात आवळून म्हणाली. "छानच विषय आहे. मी सुचवते, वाचन उपसमिती नेमू. तीन सभासद. सप्टेंबरपर्यंत अहवाल."

"आणि शर्ट," रोक्को म्हणाला. "वाचकांना निळे शर्ट करू, मागं पुस्तकाचं चित्र."

"निळे नको, हुडी निळ्या आहेत," कोपऱ्यातली एक बाई फोनमधून डोकं काढून म्हणाली. तासाभरातलं तिचं पहिलं वाक्य.

"हुडी मरून कलरच्या आहेत!"

"मरून मागच्या वर्षी होत्या."

"पोर बुडतंय," हलिना आजी सुया खाली ठेवत म्हणाली, "आणि तुम्ही काठावर पोहण्याच्या चड्ड्यांचा रंग ठरवताय. नातवंडं वाढवली मी, पण असली पोरं नाही बघितली."

"सप्टेंबरात इनेस चौथीत असेल!" दुआर्ते ओरडला. ओरडल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. तो वळला. "ट्रेम्ब्लेबाई, तुम्ही सांगा. लवकरात लवकर कधी सुरू होईल?"

बाई संध्याकाळभर एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"उद्या."

दुआर्ते दोन पावलं पुढं आला.

"उद्या म्हणजे?"

"उद्या सकाळी. पोरांशेजारी बसून वाचायला परिषदेचा ठराव लागतच नाही. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. तुमचा ऑक्टोबरपासून माझ्या फाइलमध्ये आहे. आजींचा पण आहे. शिक्षिका तयारच आहे."

दुआर्ते बघतच राहिला. "पाच महिने... बाई, पाच महिने तुम्ही इथं बसून होता. बोलला का नाहीत?"

"विषय सातवा होता," बाई म्हणाल्या. "बैठक सातपर्यंत आलीच नाही. मधेच कसं बोलणार? आणि खासगीत तुम्ही कधी विचारलं नाही."

दुआर्तेच्या तोंडात पोर्तुगीजमधलं काहीतरी आलं होतं, लायब्ररीत न चालणारं. त्यानं ते गिळलं. विचारलं नाही, हे खरंच होतं. कागदावर नंबर आहे म्हणजे कधीतरी येईल, असं समजून तो पाच महिने रांगेत उभा होता. गाढव!

"किती वाजता?" त्यानं विचारलं.

"आठला दार उघडते."

"माझी पाळी सातला सुटते. बूट ओले असतील."

"पुसणं आहे दारात."

"मी पावणेआठलाच येते," हलिना आजी म्हणाली. "आणि पोरा, येताना पोटात काहीतरी घालून ये. उपाशी माणसाला 'क' पण दिसत नाही."

"झालं ना तुमचं काम? छान!" कॉलीननं टाळी वाजवली. "ठराव नको, उपसमिती नको. आता बसा. पिझ्झा. नुसत्या चीजच्या बाजूनं कोण? हात वर करा. दुआर्ते, बसा ना, एक मिनिटाचं काम आहे!"

"मेव्हणा नऊला दुकान बंद करतो," रोक्को म्हणाला. "बस रे भावा. तुझं झालं की, आता आमचं होऊ दे."

दुआर्तेनं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. घड्याळात बरोबर साडेआठ.

"पुढच्या बैठकीत घ्या," तो म्हणाला. "मला आता निघायला हवं."