स्टूलबाईंचं लंगडं स्टूल

मी एक जुनं, लंगडं स्टूल आहे. बालमित्रांनो, आधी एकदा मला हात लावून डुगडुगवून घ्या, म्हणजे तुमचंही समाधान होईल आणि मलाही निवांत बोलता येईल. झालं?

(हशा)

कंसातलं हे 'हशा' पाहून दचकू नका. मी पंधरा वर्षं देशाच्या संसदेच्या दारात काढली आहेत. आत कुणी हसलं, ओरडलं, बाक वाजवले, की तिथले लेखनिक ते कंसात टिपून ठेवतात. मलाही तीच खोड लागली आहे.

मला एका सुतारबाबांनी बनवलं. त्यांच्या दोन मुली, ताई आणि धाकटी, बाजारातल्या कापडाच्या दुकानात कामाला होत्या. सकाळी दहा ते रात्री आठ, उभं राहून थानं उलगडायची आणि परत गुंडाळायची. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, असा मालकांचा नियम होता. बसलेली माणसं आळशी दिसतात, असं त्यांचं मत. मुली घरी आल्या की पायांत गोळे यायचे. बाबांनी एका रात्री हत्यारं काढली. मोडक्या टेबलाचे तीन पाय घेतले, चौथा एका टाकून दिलेल्या चौकटीचा घेतला, आणि मला जोडलं. तो चौथा पाय अर्धा बोट कमी पडला.

"बाबा, हे डुगडुगतंय," ताई म्हणाली.

"डुगडुगू दे. डुगडुगत का होईना, बसशील तरी."

दुसऱ्या दिवशी ताईने मला काउंटरमागे ठेवलं आणि ती बसली. मालकांनी पाहिलं, मला एका हाताने उचललं आणि रस्त्यावर नेऊन ठेवलं. ताई मागोमाग बाहेर आली. ती होती बुटकी. समोरच्या चार-पाच दुकानांतल्या मुली काय झालं म्हणून दारात आल्या होत्या, त्यांना ती दिसेना. मग ती माझ्यावर चढली.

मित्रांनो, तिचं पहिलं भाषण माझ्या डोक्यावर उभं राहून झालं. ते फार मोठं नव्हतं. "आपण दिवसातून दहा तास उभ्या असतो. आपल्यालाही गुडघे आहेत." एवढंच. मालक घाबरून बाहेर आले.

"अहो बाई, खाली उतरा, पडाल!"

"पडले तर बसायला तरी मिळेल," ताई म्हणाली.

(हशा. समोरच्या दुकानांतून टाळ्या.)

(कामकाज थोड्या वेळासाठी तहकूब. माझ्या खालचा कागद सरकला आहे, तो कुणीतरी नीट करा. आभारी आहे.)

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. दुकानकामगारांची संघटना झाली, ताई तिची प्रमुख झाली. मग ती निवडणुकीला उभी राहिली आणि पडली. पाच वर्षांनी पुन्हा उभी राहिली आणि निवडून आली. या सगळ्यात मी गावोगाव हिंडलो. चौकात, बसथांब्यावर, गिरणीच्या फाटकाशी, जिथे ताई बोलायची तिथे तिच्या पायाखाली मी. लोक तिला स्टूलबाई म्हणू लागले. विरोधक चिडवायला म्हणायचे, आपले लोक लाडाने म्हणायचे, शब्द तोच.

संसदेच्या पहिल्या दिवशी तिने मला काखोटीला मारलं आणि थेट सभागृहाच्या दारापाशी आली. दारवानकाकांनी अडवलं.

"बाईसाहेब, वस्तू आत न्यायला बंदी आहे."

"वस्तू नाही हो ती. माझा पुरावा आहे."

"पुराव्यालाही बंदी आहे."

"बरं. मग राहू दे इथंच. तुम्ही बसा त्यावर."

काका कसनुसं हसले. "सभागृहाची बैठक चालू असताना दारावरच्याने बसायचं नाही, असा नियम आहे."

ताईने त्या दिवशी आत जाऊन पहिलं विधेयक दिलं. विधेयक म्हणजे कायद्याचा कच्चा मसुदा. त्यात कलम एकच होतं: दुकानात काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला बसायला जागा असावी, आणि गिऱ्हाईक नसताना बसण्याची मुभा असावी.

मी दाराशीच राहिलो; संध्याकाळी ताई मला घरी न्यायची आणि सकाळी परत आणायची. लॉबीत भिंतीवर ध्वनिक्षेपक होता, त्यामुळे आतलं सगळं ऐकू यायचं. काका सभागृह तहकूब झालं की लगेच माझ्यावर टेकायचे आणि घंटा वाजली की उठायचे.

आता ताईची कारकीर्द. मी तिचं स्टूल आहे, म्हणून काही उणं असलं तरी झाकणार नाही. पंधरा वर्षांत शंभरातल्या चौऱ्याण्णव दिवशी ती हजर होती. सहाशे अकरा प्रश्न विचारले. दोनदा अध्यक्षांनी तिला बाहेर काढलं, त्यातल्या एकदा चूक तिची होती. तिच्या मतदारसंघात रुग्णालय आणीन असं ती प्रत्येक निवडणुकीत म्हणाली, आणि ते रुग्णालय झालं नाही ते नाहीच. हातगाडीवाल्यांच्या परवान्यांचं एक विधेयक तिने न वाचताच पक्षाबरोबर बटण दाबून मंजूर केलं. आठवड्याभराने, त्यामुळे परवाना जाणार असलेली एक फळवाली भेटायला आली. अशी भांडली की लॉबीत सगळे थबकले.

"ताई, शेहेचाळीस पानं होती म्हणे. वाचायची होतीस की! आम्हाला कुठं वाचता येतं म्हणून तर तुला पाठवलं!"

दुसऱ्या दिवशी ताई सभागृहात उठून म्हणाली, "माझं चुकलं." अध्यक्षांनी विचारलं, हे नोंदीतून वगळायचं का. ती म्हणाली, "नको, राहू द्या. पुढच्यांनी वाचावं." तेव्हापासून ती प्रत्येक विधेयक वाचायची. घरी माझ्यावर बसून, पाय बादलीभर कोमट पाण्यात सोडून.

आणि तिचं स्वतःचं विधेयक?

एकट्या सदस्याने आणलेली विधेयकं फक्त शुक्रवारी दुपारी घेतात, आणि शुक्रवारी दुपारी निम्मे सदस्य घरी जायला निघालेले असतात. पहिल्या पाच वर्षांत ताईच्या विधेयकाची पाळीच आली नाही. मुदत संपून सभागृह विसर्जित झालं, की मंजूर न झालेली विधेयकंही संपतात. ताईने त्या विधेयकाची घडी केली आणि माझ्या आखूड पायाखाली घातली. दुसऱ्या पाच वर्षांत पाळी आली, चर्चाही झाली, पण मत द्यायला पुरेसे सदस्य जागेवर नव्हते. आणखी एक घडी माझ्या पायाखाली. मी पूर्वीपेक्षा बरंच सरळ उभं राहू लागलो, पण त्याचा आनंद कसा मानणार?

धाकटी अजून त्याच दुकानात होती. तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा आता दोरखंडासारख्या उठल्या होत्या. एका रविवारी जेवताना ती म्हणाली, "ताई, तुझं विधेयक होईपर्यंत माझे पाय टिकतील का गं?" ती हसत म्हणाली खरी. ताईचा घास मात्र हातातच राहिला.



तिसऱ्या पाच वर्षांचा शेवटचा शुक्रवार. पक्षाने ताईला पुढच्या वेळी तिकीट नाही असं आधीच कळवलं होतं. म्हणजे आज झालं तर झालं. धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी घेतली आणि ती दुकानांतल्या मैत्रिणींबरोबर वर प्रेक्षकांच्या सज्जात येऊन बसली.

विरोधाची बाजू मांडली मिशीवाल्या सदस्यांनी. हे व्यापाऱ्यांच्या महासंघाचे प्रमुख. गेली पंधरा वर्षं त्यांनी या विधेयकाला विरोध केला होता, तोही अगदी आनंदाने. "अध्यक्ष महोदय, धंदा हा पायांवर चालतो!"

"पण पाय कुणाचे?" ताईने बसल्या जागेवरून विचारलं.

(हशा, बाक वाजवले गेले.)

मग मतदान पुकारलं आणि गंमत झाली. मतदानाचं यंत्र बंद पडलं. बटणं दाबली तर फळ्यावर नुसते आठ-आठ-आठ उमटू लागले. अध्यक्षांनी जुना नियम काढला. विधेयकाच्या बाजूच्यांनी उजव्या भिंतीशी रांगेत उभं राहावं, विरोधातल्यांनी डाव्या भिंतीशी. मोजणी होईपर्यंत रांग सोडायची नाही. दोन्ही बाजूंना सारखी मतं पडली तर विधेयक नामंजूर.

मतदानाच्या वेळी लॉबी रिकामी करून दार आतून बंद करतात. काकांनी गडबडीत मला उचललं आणि आत आले. कडी लावल्यावर त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं, पण आता दार उघडायला बंदी होती. अशा रीतीने, मित्रांनो, पंधरा वर्षांनी मी सभागृहात पाऊल टाकलं. चुकून.

बाजूची मतं मोजली: चौऱ्याऐंशी. विरोधातली एका कारकुनाने मोजली चौऱ्याऐंशी, दुसऱ्याने पंच्याऐंशी. पुन्हा मोजा. या वेळी शहाऐंशी आणि त्र्याऐंशी. कुणीतरी खोकायला वाकलं होतं, कुणीतरी मोजत असताना जागा बदलली होती. पुन्हा मोजा. अर्धा तास झाला. डाव्या रांगेतले काहीजण भिंतीला टेकले. एक जण उकिडवा बसला, तर अध्यक्ष कडाडले, "जो उभा आहे, तोच मोजला जाईल!" तो टुणकन उठला.

उजव्या रांगेतही सगळे उभेच होते. ताईला मात्र त्याची सवय होती.

पन्नास मिनिटं झाली. मिशीवाले सदस्य रांगेत सर्वांत शेवटी, दाराशी, आमच्या अगदी जवळ होते. सत्तरीचे गृहस्थ. त्यांचा उजवा गुडघा थरथरत होता. मोजणीची पाचवी फेरी रांगेच्या दुसऱ्या टोकापासून सुरू झाली.

ताईने ते समोरून पाहिलं. तिने काकांना मानेने खूण केली. काकांनी मला उचलून मिशीवाल्यांच्या शेजारी ठेवलं.

"बाई, ही लाच समजायची का?" मिशीवाल्यांनी मोठ्याने विचारलं.

"छे हो! बसायला दिलंय."

"बसलो तर माझं मत जाईल."

"मग उभे राहा. तुमचा गुडघा, तुमचं मत."

ते हसले. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. मग वर सज्जाकडे पाहिलं, तिथे धाकटी आणि तिच्या मैत्रिणी आरामात बसल्या होत्या. "तुमच्या या मुली रोज किती तास उभ्या असतात म्हणालात?"

"दहा."

"आणि मी?"

"पन्नास मिनिटं."

मोजणारे कारकून आता रांगेच्या मध्यावर आले होते. मिशीवाल्यांनी मला एक हात लावून पाहिला. मी डुगडुगलो.

"अहो, हे लंगडंय की!"

"खाली कागद लागतो. घडी बाहेरच राहिली वाटतं."

मिशीवाल्यांनी खिशातून आपलं भाषण काढलं. विरोधाचं, सात पानी. त्याची चौपदरी घडी केली, कसेबसे वाकले आणि ती माझ्या आखूड पायाखाली सरकवली. मी ताठ झालो. मग ते सावकाश, एक सुस्कारा सोडून, माझ्यावर बसले.

कारकून त्यांच्यापाशी आले, थबकले आणि पुढे गेले. विरोधात: त्र्याऐंशी.

(प्रचंड हशा. बाक वाजवले गेले. सज्जात टाळ्यांना बंदी असताना टाळ्या. अध्यक्षांनी त्या ऐकल्या नाहीत असे दिसते.)

नंतर धाकटी ताईला म्हणाली, "तुझं विधेयक राहू दे बाजूला. मी बसलेय आणि साहेब लोक तासभर उभे आहेत, हे बघायला मिळालं, तिथंच माझे पैसे वसूल!"

पुढचे सोपस्कार होऊन कायदा झाला. ताई घरी बसली. खरोखर बसली, झुल्यावर. दुकानांत नव्या गुळगुळीत खुर्च्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. दोन वर्षं कोळ्यांच्या संगतीत काढली. कुणाला माझी आठवण झाली नाही. मग एके दिवशी धाकटी शिडी चढून वर आली. दुकानात तिच्यासाठी आलेल्या खुर्चीवर मालकांच्या मुलाने थानांचा ढीग रचला होता. "खुर्ची ठेवली आहे ना? कायद्यात ठेवा म्हटलंय," तो म्हणे. धाकटीने वाद घातला नाही. तिने मला फडक्याने पुसलं, दुकानात नेलं, काउंटरमागे ठेवलं, आणि ती बसली. तेच दुकान, तेच काउंटर, तीच जागा. या वेळी मला कुणी उचललं नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. दुकानात गेलात की आधी काउंटरमागे डोकावा. तिथे खुर्ची आहे का पाहा, आणि असली तर तिच्यावर माणूस बसतं की खोकी, तेही पाहा. खोकी दिसली तर मोठ्याने विचारा. लहान मुलांनी विचारलं की मोठ्या माणसांना उत्तर द्यावं लागतं, हे मी संसदेच्या दारात शिकलो नाही, इथे दुकानात शिकलो.

आणि आमचीही थोडी काळजी घ्या. महिन्यातून एकदा खिळे ठोका. ओल्या जागी ठेवू नका. माझ्या पायाखाली अजून ते सात पानी भाषण आहे. त्याच्या कडा झिजल्यात, पण मी ताठ उभा आहे. ते काढून कुणी नवी घडी घालणार असाल, तर कुठलाही कागद चालेल. फक्त त्या कायद्याची प्रत नको. ती काउंटरवर, सगळ्यांना वाचता येईल अशी राहू द्या.